गुडघ्यातली अक्कल

मराठी घरात कोणाला वेड्यात काढायचं असलं की ‘याची अक्कल गुडघ्यात’ म्हणून मोकळं होतात. फुटबॉल खेळणाऱ्या पोराला हा टोमणा जरा जास्तच चिकटतो, कारण समोरच्याला त्याचे आधी गुडघेच दिसतात. खरचटलेले, चिखलाने माखलेले, एकाला क्रेप बँडेज गुंडाळलेलं. सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोलीच्या वस्त्यांमध्ये धुळे-जळगाव-नंदुरबारकडची माणसं मोठ्या संख्येने राहतात. भुसावळ-सुरत गाडीने आलेल्या आजोबांनी आणि वडिलांनी लूम चालवले, मिलमध्ये साड्या रंगवल्या. महापालिकेच्या मराठी शाळांतून शिकलेली त्यांची मुलं-नातवंडं आता इंजिनिअरिंगला, कॉमर्सला जातात. अशा घरातला मुलगा संध्याकाळी बूट पिशवीत टाकून निघाला की ओट्यावरून आजी अहिराणीत विचारते, ‘‘बॉलना मांगे पयीसन पोट भरस का रे?’’

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर दोन शब्दांचं आहे. नाही भरत.

कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहारचा सामना लागला की पेठांमध्ये दुसरा विषय निघत नाही. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ही नावं आडनावासारखी बापाकडून मुलाकडे जातात. सुरतेत फुटबॉलवाल्याची ओळख करून द्यावी लागते. इंग्रजांचं जहाज सुरतेला लागलं १६०८ साली. खंभातच्या किनाऱ्यावर इंग्रज खलाशी क्रिकेट खेळल्याची नोंद १७२१ ची आहे, आणि या बाजूच्या लोकांनी पुढे तोच खेळ मनावर घेतला. शिवाय सुरतेत प्रत्येक गोष्टीला माप आहे. कापड मीटरवर, हिरा कॅरेटवर, हिरा घासणाऱ्याची मजुरी बहुतेक नगावर. संध्याकाळचे दोन तास बावीस जणांनी एका चेंडूमागे घालवले तर ते कोणत्या वहीत मांडायचे?

खेळाडूच्या बुद्धीबद्दल लिहिणाऱ्यांचा सूर ठरलेला असतो. बघा हो, हा मैदानाबाहेर पुस्तकंसुद्धा वाचतो! कौतुकाच्या त्या ‘सुद्धा’मध्ये गुडघ्याचा टोमणाच लपलेला असतो, फक्त जरा इस्त्री केलेला. सुरतेच्या कॉलेजात हा प्रश्न उलटा धरावा लागतो. इथल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला मैदानाबाहेर सगळंच आहे. सबमिशन आहे, वायवा आहे, मामाच्या दुकानात संध्याकाळी बिलं बनवायची आहेत, राहिलेली एटीकेटी आहे. त्याच्या दिवसात ज्याला ‘इतर’ म्हणावं असं एक मैदानच उरतं. कोणी तबला शिकतो, कोणी गझला लिहितो, त्याच खात्यात हा चेंडू जमा होतो.

इच्छानाथला १९६१ पासून एक सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. जुनी माणसं त्याला अजून ‘एसव्हीआर’ म्हणतात, २००२ नंतर ते एनआयटी झालं. देशभरच्या एनआयटींप्रमाणे तिथल्या निम्म्या जागा राज्याबाहेरच्या मुलांसाठी असतात. म्हणजे मणिपूर, केरळ, बंगालकडची मुलं, ज्यांच्या गावी फुटबॉल खेळणं हे श्वास घेण्याइतकं साधं आहे, ती तापीकाठी येऊन पडतात आणि पहिल्या आठवड्यातच विचारतात, ‘ग्राउंड कुठाय?’ सुरतेच्या कॉलेजांतला फुटबॉल असा बाहेरून आलेल्यांनी आणि घरच्यांचं न ऐकणाऱ्यांनी मिळून तगवलेला आहे. त्यांना बघायला कोणी येत नाही. कुंपणापाशी लोचोची प्लेट हातात धरून उभे असलेले दोघे-तिघे, तेही बहुधा कोणाची तरी वाट बघत असतात.

अशाच एका कॉलेजच्या मैदानावरची श्रावणातली संध्याकाळ. पाऊस नुकताच थांबलेला, गोलच्या तोंडाशी डबकं. गोलकीपर तिसऱ्या वर्षाचा, मेकॅनिकलचा. खेळ पलीकडच्या टोकाला चाललाय म्हणून तो जुना, हवा कमी झालेला दुसरा चेंडू मांडीवर घेऊन त्यावरचे काळे तुकडे बोटाने मोजतोय. बारा यायला हवेत. त्याचे अकराच येतात. तो पुन्हा मोजतो.

बारा का, हे त्याला ठाऊक आहे. हाताने शिवलेल्या जुन्या पद्धतीच्या फुटबॉलमध्ये बत्तीस तुकडे असतात, वीस पांढरे षटकोन आणि बारा काळे पंचकोन. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात ‘टेलस्टार’ नावाने हा चेंडू आला, कृष्णधवल टीव्हीवर उठून दिसावा म्हणून काळा-पांढरा. मेरठ-जालंधरच्या कारागिरांनी असे चेंडू लाखांनी शिवले असतील. त्यात गणित असं की नुसते षटकोन जोडत गेलात तर फरशी होते, चेंडू होत नाही. पृष्ठभाग वळायला पंचकोन घालावे लागतात, आणि प्रत्येक कोपऱ्यावर तीन तुकडे भेटत असतील तर षटकोन कितीही घ्या, पंचकोन बाराच लागतात. अठराव्या शतकातल्या ऑयलरच्या एका सूत्रातून हे सरळ निघतं. टोकं साठ, शिवणी नव्वद, तुकडे बत्तीस. साठातून नव्वद वजा करा, बत्तीस मिळवा, उत्तर दोन. आरपार भोक नसलेल्या कुठल्याही बंद, कोनाकोनांच्या ठोकळ्याला हेच उत्तर येतं. वराछ्यात हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसून जो कारागीर गोल ब्रिलियंटला सत्तावन पैलू पाडतो, त्याच्या खड्यालाही ते चुकत नाही.

हिऱ्याची आणि फुटबॉलची सोयरीक याहून जवळची आहे. १९८५ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना कार्बनचा एक नवाच रेणू सापडला. साठ अणूंचा, विलक्षण टिकाऊ. साठ अणू एकमेकांना धरून बसलेत तरी कसे, हे काही केल्या सुटेना. स्मॉलींनी रात्र जागून कागदाचे षटकोन-पंचकोन कापून चिकटवले, तेव्हा गोळा बंद झाला. हा आकार कोणता म्हणून गणित विभागाला फोन केला, तर तिकडच्या प्रमुखांनी निरोप दिला की पोरांनो, हा तर फुटबॉल! ‘नेचर’मध्ये जो शोधनिबंध छापला त्याच्या पहिल्याच आकृतीत टेक्ससच्या गवतावर ठेवलेल्या फुटबॉलचा फोटो आहे. १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या तिघांना मिळालं. हिरा कार्बनचा, हा चेंडूही कार्बनचा. सुरतेने त्यातला एकच ओळखला, म्हणून सुरतेला दोष देण्यात अर्थ नाही. दुसऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं.

कॉलेज आणि फुटबॉल यांची फारकत तशी अलीकडची. हा खेळ आज ज्या रूपात आहे त्याचे नियम बसून लिहिले ते कॉलेजच्या मुलांनीच. १८४८ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात वेगवेगळ्या शाळांतून आलेली मुलं जमली. ईटनचा चेंडू पायाने खेळायचा, रग्बीचा हातात घेऊन पळायचा, त्यामुळे एकत्र खेळायला गेलं की भांडणं. प्रत्येकाने आपापल्या शाळेचे नियम आणले, दुपारी चारनंतर बैठक बसली. त्यांच्यातल्या मॅल्डन नावाच्या विद्यार्थ्याने पुढे म्हातारपणी लिहिलेल्या आठवणीनुसार, ती उठली तेव्हा रात्रीचे बारा वाजायला पाच मिनिटं होती. आठ तास, फक्त चेंडूला हात लावायचा की नाही यावर! वसतिगृहात रात्री अशा चर्चा अजूनही होतात. फरक एवढाच की त्यातून जगभर चालणारे नियम निघत नाहीत.

त्याच ट्रिनिटीमध्ये त्याआधी पावणेदोनशे वर्षं न्यूटन होता. टेनिसचा चेंडू रॅकेटने तिरका मारला की वळत जातो, हे त्याने पाहिलं आणि १६७२ च्या प्रकाशावरच्या पत्रात जाता जाता नोंदवूनही ठेवलं. १८५२ मध्ये बर्लिनच्या माग्नुसने फिरणाऱ्या वस्तूवर हवा कशी आडवी ढकलते ते प्रयोगाने दाखवलं. मेकॅनिकलच्या पोरांना हे फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात सोडवावं लागतं आणि निम्मे जण ते पाठ करून लिहितात. पण ३ जून १९९७ ला लियाँमध्ये रॉबेर्तो कार्लोसने जवळजवळ पस्तीस मीटरवरून मारलेली फ्री किक त्यांनी मोबाइलवर पन्नास वेळा पाहिलेली असते. चेंडू गोलच्या इतका बाहेर जात होता की तिकडे उभ्या बॉलबॉयने डोकं खाली घातलं, आणि शेवटच्या क्षणी तो खांबाला लागून आत आला. फ्रान्समधल्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रयोग करून दाखवलं की पुरेसं अंतर मिळालं तर फिरता चेंडू वर्तुळाच्या कमानीत जात नाही. त्याचा वळसा आवळत जातो, गोगलगाईच्या शंखासारखा. पायाला हे आधी कळलं होतं, समीकरण तेरा वर्षांनी आलं.

आता गुडघ्याच्या टोमण्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघता येईल. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये स्वीडनच्या फुटबॉलपटूंची चाचणी घेतली. पायांची नव्हे, कागदावर ठिपके जोडून, नियम मोडू न देता, जितक्या तऱ्हा सुचतील तितक्या काढायच्या. वरच्या लीगचे खेळाडू खालच्या लीगवाल्यांपेक्षा सरस ठरले, आणि दोन्ही गट सामान्य माणसांच्या पुढे होते. ज्यांचे गुण जास्त होते त्यांनी पुढच्या काळात गोलही जास्त केले आणि गोलसाठीचे पासही जास्त दिले. नियमात राहून, झटपट, आधी न केलेलं काहीतरी सुचणं. याला दुसरीकडे कुठे आपण बुद्धीच म्हटलं असतं.

कोपनहेगनमध्ये तर ते म्हणायलाही लागलं नाही. आकाडेमिस्क बोल्डक्लब हा तिथल्या विद्यापीठवाल्यांचा क्लब. त्यात बोर घराण्यातले दोन भाऊ खेळायचे. धाकटा हाराल्ड गणिताचा विद्यार्थी आणि पक्का हाफ. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो डेन्मार्ककडून खेळला. त्या संघाने फ्रान्सला सतरा विरुद्ध एक असं धुतलं आणि शेवटी रौप्यपदक नेलं. दोन वर्षांनी हाराल्ड डॉक्टरेटच्या प्रबंधाचं समर्थन करायला उभा राहिला, तेव्हा सभागृह गच्च भरलं होतं, आणि श्रोत्यांत गणितज्ञांपेक्षा फुटबॉलचे शौकीन जास्त होते. डिरिश्ले श्रेणीवरचा युक्तिवाद ऐकत बसलेले ते शौकीन डोळ्यांपुढे आणावेत. थोरला भाऊ गोलकीपर. एका जर्मन संघाविरुद्धच्या सामन्यात चेंडू लांबून गडगडत आला तरी हा जागचा हलला नाही, लोक ओरडले तेव्हा भानावर आला. गोलच्या खांबावर तो एक गणित मांडत होता, अशी गोष्ट सांगतात. त्याचं नाव नील्स. १९२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याचं. राष्ट्रीय संघात मात्र धाकटाच गेला, आणि डेन्मार्कमध्ये बराच काळ त्याचीच कीर्ती जास्त होती.

आपल्याकडेही मामला फार वेगळा नव्हता. २९ जुलै १९११ ला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला दोन-एकने हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्या अकरांत दहा अनवाणी होते. बूट घातलेले एकटे रेव्हरंड सुधीर चॅटर्जी, आणि ते मिशनच्या कॉलेजात शिकवत. विजयी गोल मारणारा अभिलाष घोष स्कॉटिश चर्च कॉलेजचा विद्यार्थी. आजही विद्यापीठांची अखिल भारतीय फुटबॉल स्पर्धा ज्यांच्या नावाच्या करंडकासाठी होते ते सर आशुतोष मुखर्जी मुळात गणितज्ञ, मग हायकोर्टाचे न्यायाधीश आणि कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू. करंडक उचलणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक असतं कोण जाणे.

सगळ्यांत मनात घर करणारा माणूस मात्र नागालँडचा. तालिमेरेन आओ, १९१८ ला चांगकी गावात जन्मलेला पाद्रीपुत्र. चिंध्यांच्या चेंडूने खेळायला शिकला. वडील लवकर गेले, आणि मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांत परत यावं ही त्यांची इच्छा मागे राहिली. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजातून तो कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात आला, ज्याला आता आर. जी. कर म्हणतात. तिथून मोहन बागान, आणि १९४८ ला स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक फुटबॉल संघाचा कर्णधार. लंडनच्या उद्‌घाटन सोहळ्यात तिरंगा त्याच्या हातात होता. फ्रान्सविरुद्ध बहुतेक भारतीय अनवाणी खेळले, दोन पेनल्टी हुकल्या, एक विरुद्ध दोनने सामना गेला. बूट का नाहीत, असं विचारणाऱ्या विलायती पत्रकारांना त्याने सुनावलेलं उत्तर अजून सांगतात: आम्ही खेळतो तो फुटबॉल, तुमचा तो बूटबॉल.

हा विनोद सगळीकडे छापून येतो. त्यानंतरचं कमी छापलं जातं. ऑलिंपिकहून परतल्यावर तो पुन्हा अॅनाटॉमीच्या पुस्तकांच्या जगात शिरला आणि १९५० मध्ये एमबीबीएस झाला. वय बत्तीस. ज्या वयात आजचा फुटबॉलपटू निवृत्तीचं बोलू लागतो त्या वयात याने नावाआधी डॉक्टर लावलं आणि डोंगरात परत गेला. कोहिमाच्या इस्पितळात काम केलं, पुढे नागालँडच्या आरोग्य खात्याचा संचालक झाला, १९७८ ला निवृत्त झाला. मैदानात तो बचावफळीपुढे उभा राहून समोरच्याची चाल मोडायचा. इस्पितळात, डॉक्टर मोजके आणि रस्ते नसलेल्या मुलखात, काय काय मोडावं लागलं असेल याचा हिशेब कुठल्या क्रीडा पुरवणीत सापडत नाही.

आणि सय्यद अब्दुल रहीम. ‘मैदान’ सिनेमामुळे हे नाव आता घरोघरी गेलं. मराठवाड्यातली पोरं निजामाच्या काळात ज्या उस्मानिया विद्यापीठात शिकायला जात, तिथला हा बीए. कॉलेजच्या संघात खेळला, मग हैदराबादच्या शाळांत मास्तरकी केली. सगळे त्यांना रहीमसाब म्हणत. भारतीय संघाचे प्रशिक्षक झाल्यावर मास्तरकीची सवय मैदानावरही सुटली नाही. ड्रिबल करायचं नाही असा नियम घालून सामने लावायचे, किंवा कच्च्या पायानेच खेळायची सक्ती करायची, जशी एखादा गुरुजी डावखुऱ्याला उजव्या हाताने पाटी गिरवायला लावी. फक्त इथे त्यातून दोन्ही पाय शहाणे होत. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जर्नैलसिंगच्या डोक्याला टाके पडले. बचावात उभा केला तर प्रतिस्पर्धी त्याच डोक्यावर चाल करणार. रहीमसाबनी त्या बचावपटूला थेट आघाडीला नेलं. त्याने उपांत्य सामन्यातही गोल केला आणि अंतिम सामन्यातही. कोरियाला दोन-एकने हरवून सुवर्णपदक आलं. रहीमसाबना तेव्हा कर्करोग झालेला होता. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

ही सगळी माणसं एका गोष्टीत सारखी होती. फुटबॉल त्यांचा पूर्ण दिवस मागत नव्हता. ब्राझीलच्या सॉक्रेटिसने तो मागू दिला नाही. त्याच्या वडिलांनी फारसं शिक्षण नसताना घरात ग्रंथालय उभं केलं होतं आणि थोरल्या मुलांना ग्रीक नावं दिली होती. १९६४ ला लष्कराने सत्ता घेतली तेव्हा त्यांनी भीतीने आपलीच काही पुस्तकं जाळली. दहा वर्षांच्या पोराने ते पाहिलं. पुढे रिबेराओ प्रेतोच्या मेडिकल कॉलेजात शिकत असताना तो गावच्या क्लबकडून खेळायचा, पण पदवी हातात पडेपर्यंत मोठ्या क्लबकडे गेला नाही. १९७८ ला कोरिन्थियन्समध्ये आल्यावर काही वर्षांत साथीदारांसह त्याने क्लबचा कारभारच मतदानावर आणला. सराव किती वाजता, सामन्याआधी रात्री हॉटेलात कोंडून घ्यायचं की घरी जायचं, यावर कर्णधाराचं एक मत आणि कपडे सांभाळणाऱ्याचंही एकच. देशात निवडणुका धड होत नव्हत्या त्या काळातली ही गोष्ट. त्या साऱ्यात सिगारेटी आणि बिअर भरपूर होती, आणि २०११ मध्ये सत्तावन्नाव्या वर्षी तो गेला त्याला तेही कारण होतं. डॉक्टरला कोण सांगणार?

जिथे कॉलेजच्या खेळात पैसा शिरला तिथे मात्र चित्र पालटलं. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो वेगळा खेळ, हेल्मेट घालून धडका देण्याचा. पण कॉलेज फुटबॉल म्हणून जगात सगळ्यांत मोठा बाजार तोच. तिथे खेळाडूने आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त सराव करू नये असा नियम आहे, आणि तो कसा वाकवायचा याच्या शंभर युक्त्या आहेत. मग अभ्यासाचं काय? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने त्यावर नामी उपाय काढला होता. वर्ग भरत नाही, प्राध्यापक भेटत नाही, एक निबंध दिला की चांगले गुण. २०१४ च्या चौकशी अहवालात निघालं की अठरा वर्षांत तीन हजार एकशेहून जास्त विद्यार्थ्यांनी असे विषय घेतले, त्यातले जवळजवळ निम्मे खेळाडू. आपल्याकडच्या हजेरीपटावरच्या करामती यापुढे बाळबोध वाटाव्यात.

त्याच बाजारात जॉन अर्शेल पेन स्टेटकडून खेळत होता, गणितात एमएस करत होता आणि विद्यार्थी असतानाच विद्यार्थ्यांना गणित शिकवत होता. २०१४ ला व्यावसायिक लीगमधल्या बाल्टिमोर रेव्हन्स संघाने त्याला घेतलं. २०१५ च्या सरावात डोक्याला मार बसला, आणि वरच्या दर्जाचं गणित काही काळ सुचेनासं झालं. २०१६ मध्ये तो सीझन संपला की एमआयटीत जाऊन डॉक्टरेटचा अभ्यास करू लागला. जुलै २०१७ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. या लीगमधल्या १११ मृत खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये वारंवारच्या धडकांनी येणारा विकार सापडला होता. दोन दिवसांनी अर्शेलने, वय सव्वीस, खेळ सोडला. आता तो एमआयटीतच शिकवतो. तिथे अक्कल गुडघ्यात की डोक्यात, हा प्रश्न विनोदाचा उरलेला नाही.

परत आपल्याकडे यायचं तर, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात झोपडपट्टीतल्या पोरांना फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिलं. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं, पुढे नागराज मंजुळेंनी ‘झुंड’ केला. सिनेमात सामना दिसतो. प्रत्यक्षातली एक बारीक गोष्ट त्यात मावली नाही: ही संस्था मुलांना फुटबॉल खेळता खेळता गणित आणि इंग्रजीही शिकवते. केंब्रिजमध्ये आणि कोपनहेगनमध्ये चेंडू आणि पाटी एकाच अंगणात होती, नागपुरात ती पुन्हा जोडून घ्यावी लागली, आणि तीही शाळेबाहेर.

सुरतेच्या त्या मैदानावर गोलकीपरचं मोजून झालं होतं. बारावा पंचकोन होता, पण त्याच्या जागी भोक होतं. चामडं झिजून गळालं होतं, आतलं ब्लॅडर मळकट गुलाबी दिसत होतं. खेळ संपल्यावर चेंडू कोणी टाकायचा, कोणी दुरुस्त करायचा यावर थोडा वाद झाला. मळीचा वास मारणारे बूट स्कूटीच्या हँडलला लटकले. दुसऱ्या दिवशी तो आणि लिंबायतचा एक बॅक चेंडू घेऊन अठवागेटकडे फुटपाथवर बसणाऱ्या मोच्यापाशी गेले. गोलकीपरने जर्नलच्या पानावर पंचकोन काढून आणला होता, प्रत्येक कोन एकशे आठ अंशांचा, कोनमापक लावून. बाजू शेजारच्या षटकोनाइतकीच हवी, नाहीतर चेंडू एका अंगाने फुगेल, हे त्याने नीट समजावून सांगितलं.

मोच्याने कागद बघितला, बाजूला ठेवला. चेंडूवरचाच एक धड पंचकोन अंगठ्याने चाचपला, त्याच्या पाच शिवणींवर खडू फिरवला आणि एका जुन्या लेडीज पर्सच्या काळ्या चामड्यावर तो ठसा दाबून घेतला. पाच खडूच्या रेघा उमटल्या. रापीने कापलेला तुकडा भोकावर ठेवला तर तो कडेला सुतभर मोठा होता. मुलगा काही बोलणार तेवढ्यात मोच्याने ती जादा कड आत दुमडली आणि आरी घातली. शिवणीला जागा लागते, कागदावरच्या पंचकोनाला ती सोडलेली नव्हती.

गोलकीपरने जर्नलचं पान पुन्हा हातात घेतलं आणि आकृतीबाहेर पेन्सिलने दुसरी रेघ मारली. मोचीदादा दोरा दातांनी तोडत म्हणाले, ‘‘हवा तमे भरजो.’’